भिंतीला सांगितलेलं

आमच्या घरमालकांनी एखादं जेवण बसल्या बैठकीला संपवलंय, असं मी पूर्णेला राहायला गेल्यावर कित्येक महिने पाहिलं नव्हतं. ताट वाढून घ्यायचे, मांडी घालायचे, पहिला घास मोडायचे, की लांबून इंजिनाचा भोंगा यायचा. पूर्णा म्हणजे जंक्शन, तिथं गाड्यांना काय तोटा. काका हातातला घास ताटात ठेवून उठायचे आणि अंगणात रुळाकडं तोंड करून उभे राहायचे. ताठ. उजवा हात कोपरातून वर, मूठ वळलेली, मुठीत काही नाही. शेवटचा डबा नजरेआड झाला की हात खाली यायचा आणि मग पुन्हा ताट. तोवर पिठलं गार होऊन त्यावर पापुद्रा धरलेला असायचा.

पहिल्याच आठवड्यात मी बोलून गेले. माझं तोंड गप बसत नाही, दवाखान्यात डॉक्टरसुद्धा मला जरा दबकून असतात.

"काका, भरल्या ताटावरून उठू नये म्हणतात."

"म्हनतात," काका म्हणाले. "घरात बी म्हनायचे."

'घरात' म्हणजे बायको. जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, 'घरात' म्हणतात. पण त्या घरात तर कुणीच नव्हतं. खाली काका एकटे, वरच्या खोलीत मी एकटी. मी सरकारी दवाखान्यात नर्स, बदलीवर आलेली. नवरा पुण्याला कंपनीत. आमचा संसार फोनवर चालायचा आणि भांडणंही फोनवरच व्हायची.

काका रेल्वेचे गेटमन. चुडाव्याच्या बाजूला शेतातल्या एका फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी जाताना गेटमननं हिरवी झेंडी धरून उभं राहायचं असतं, मग ऊन असो, पाऊस असो, जेवण असो की अंगात ताप. रिटायर झाल्यावर झेंडी सरकारजमा झाली, उभं राहणं यांच्याकडंच राहिलं. फोनवर बोलायचीही त्यांची एक तऱ्हा होती. मी कळवलं, "काका, आज उशीर होईल, अंगणाच्या फाटकाला कुलूप लावू नका," की तिकडून आधी "आज उशीर, कुलूप न्हाई," असं माझंच बोलणं माघारी यायचं आणि मगच "बरं." स्टेशनवरून आलेला निरोप पुन्हा म्हणून दाखवायचा, तो पक्का झाला की मग फाटक लावायचं, ही सवय. माझा नवरा एकदा फोनवर त्यांच्याशी बोलला आणि मला म्हणाला, "तुझ्या मालकाला ऐकू कमी येतं का गं?" म्हटलं, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

हे सगळं चालून गेलं असतं. पण एका सकाळी मी ड्युटीला निघाले होते, जिन्यावर असतानाच खालून त्यांचा आवाज आला. "नळ आलाय म्हनावं. घागरी भरून ठिवल्यात." मला वाटलं पाव्हणे आलेत. बघते तर काका स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीकडं तोंड करून उभे. सांगून झालं, जरा थांबले, भिंत काही बोलली नाही, तसे घागर उचलून आत गेले.

मी मनात म्हटलं, बाई, खोली बदल. पण एकट्या बाईमाणसाला गावात खोली मिळणं काय असतं, ते जिनं शोधली तिलाच माहीत. राहिले. राहिले म्हणून उलगडा झाला.

काकांच्या घरात अबोला होता. आता अबोला म्हणजे नवरा-बायको दोन दिवस फुगून बसतात आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलात जेवायला जातात, ते नव्हे. आमच्याकडं अबोल्याला रीत असते. एकमेकांना शब्द द्यायचा नाही. पण संसार कुणाच्या रुसण्यासाठी थांबत नाही. दळण संपतं, पाव्हणे येतात, लेकराला ताप येतो. मग जे सांगायचं ते भिंतीला सांगायचं, मांजराला सांगायचं, नाहीतर चुलीला. 'दळण संपलं म्हणावं.' ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकायचं आणि मुकाट डबा उचलून गिरणीत जायचं. उत्तर द्यायचं तर तेही भिंतीलाच. माझ्या सख्ख्या मावशीनं नवऱ्याशी असा अबोला धरून दोन लेकींची लग्नं पार पाडली, मांडवात कुणाला पत्ता लागला नाही.

काका-काकूंचा अबोला तसाच, वर्षानुवर्षांचा. आधी फाटकाच्या शेजारच्या रेल्वेच्या खोलीत, मग रिटायर झाल्यावर या घरात. काकू आत चुलीपाशी बसून भिंतीला सांगायच्या, काका बाहेरून त्याच भिंतीला टेकून ऐकायचे. काकूंचं रोजचं वाक्य एकच, "भाकर झाकून ठिवलीय म्हनावं." कारण गाडी आली की हे उठणार. मग त्या यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायच्या आणि भिंतीला तसं सांगून टाकायच्या.

मुलगी सुमन देवगाव फाट्याला दिलेली. तिची सासू वारली, लेकरं लहान, सांभाळायला कुणी नाही, म्हणून काकू गेल्या त्या तिकडंच राहिल्या. भांडून गेल्या नाहीत. भांडायला बोलावं लागतं. जाताना म्हणाल्या होत्या, "लेकीकडं जायलेय म्हनावं." माघारी कधी येणार, ते भिंतीला सांगितलं नव्हतं.

"अबोला व्हता तवर बरं व्हतं, सिस्टर," काका एकदा म्हणाले. "पलीकडून आवाज तरी यायचा."

रविवारी मी त्यांचं बीपी बघायची. अशाच एका रविवारी दंडाला पट्टा बांधलेला, माझ्या कानात स्टेथो, आणि यांनी विचारलं, "साप चावल्यावर धा मिनिटांनी काय फरक पडतो वो?"

मी हवा सोडून दिली. "कुणाला चावला?"

"मागं. जुनी गोष्ट हाय."

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत. दुपारची वेळ. काका जेवायला बसले होते, स्टेशनचा फोन आला, मालगाडी सुटली म्हणून. ते ताटावरून उठले आणि फाटक लावलं. स्टेशनला एकदा 'फाटक बंद आहे' असं कळवलं की गाडी जाईपर्यंत ते उघडायचं नसतं, कुणासाठी नाही. मालगाडी रडतखडत येत होती. तेवढ्यात पलीकडून जीप आली. जीपमध्ये काकूंचा भाऊ, एकुलता एक. शेतात साप चावलेला. उचलून फाटकाखालून अलीकडं आणावं तर अलीकडं पुढं न्यायला वाहन नाही. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. फाटकाच्या दांड्याला धरून म्हणाल्या, "उघडा वो." पुन्हा म्हणाल्या, "उघडा वो."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी झेंडी धरून उभा व्हतो."

मालगाडी लांबलचक होती. ती गेली, फाटक उघडलं, जीप पळाली. दवाखान्याच्या दारापर्यंत मेहुणा टिकला नाही. 'उघडा वो' हे काकूंचं नवऱ्याशी शेवटचं बोलणं.

"तर सांगा," काका म्हणाले, "धा मिनिटं आधी गेला असता तर वाचला असता का?"

सापाचे पेशंट मी कमी पाहिले नाहीत. बैलगाडीतून निवांत आणलेला माणूस चार दिवसांनी चालत घरी जातो आणि मोटारसायकलवर वाऱ्यासारखा आणलेला आमच्या हातावर जातो. कोणता साप, किती विष, कोण सांगणार. खोटं बोलून त्यांना मोकळं करणं मला जमलं असतं. नातेवाइकांशी आम्ही थोडंफार तसं बोलतोच. पण त्यांच्याकडं बघून जीभ वळली नाही.

"काका, खरं सांगू? सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई," त्यांनी माझं बोलणं माघारी म्हटलं. "बरं."

मला इतकं वाईट वाटलं की मी पट्टा गुंडाळून वर गेले आणि नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

आता स्टेटसची गोष्ट. त्यांचा फोन मुलीनं दिलेला, जुना, कोपऱ्यात तडकलेला. त्यावर काका सगळ्यांसारखंच रोज सकाळी एक गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकायचे. कुणीतरी पाठवलेलं फूल उचलायचं आणि स्टेटसला चिकटवायचं. एका दुपारी फोन घेऊन जिन्यापाशी आले.

"सिस्टर, ह्यो डोळा कशाचा वो?"

मी डोळ्यावर बोट ठेवून दाखवलं. "ज्यांनी ज्यांनी तुमचं फूल बघितलं त्यांची नावं."

नावं मोजकीच. मोबाईल दुकानाचा दिलीप, त्यांच्याबरोबरचे दोन-तीन रिटायर गँगमन, मी. आणि सगळ्यात खाली 'सुमनची आई'.

काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "हिला कसं दिसलं?"

"त्यांच्याकडं तुमचा नंबर ठेवलेला असणार आणि तुमच्याकडं त्यांचा. दोन्हीकडून असल्याशिवाय दिसत नाही."

"दोन्हीकडून असल्याबिगर दिसत न्हाई," काका म्हणाले. आणि 'बरं' न म्हणता तिथंच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गुलाब टाकले. मग कमळ, मग वाफाळता चहा, मग सुविचार. सुमनच्या आईनं एकही पाहिलं नाही. काका दिवसभर डोळा उघडून बघायचे. त्यांचा सगळा जन्म वाट बघण्याच्या नोकरीत गेलेला, त्यामुळं कंटाळा नाही, चिडचिड नाही, फक्त बघायचे. असेच काही दिवस गेले. मग एकदा अंगणातला कढीपत्ता वाळला, त्याचा त्यांनी फोटो काढला. वाकडा, अर्ध्या फोटोत त्यांचाच अंगठा. मी हसले. पण संध्याकाळी डोळ्याखाली नाव होतं.

"फुलं समद्याइकडं सारखीच असत्यात," काकांनी मला समजावून सांगितलं. "कढीपत्ता घरचा हाय. तिनं लावलेला."

तिथून हा माणूस कामाला लागला. ज्या भिंतीला तोंडानं सांगत होते तिच्यावरच कोळशानं चित्रं काढायला लागले. पहिल्या दिवशी नळ, खाली तीन थेंब आणि अक्षरं, 'नळ आलाय म्हनावं.' फोटो काढला, टाकला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून त्याच जागी मांजर, 'मांजर व्याली म्हनावं, तीन पिल्लं.' ते मांजर कमी आणि रेडा जास्त दिसत होता.

"काका, रेडा व्याला का?" मी विचारलं.

"तिला कळतंय," काका म्हणाले.

आणि कळत होतं. रोज संध्याकाळी डोळ्याखाली सुमनची आई असायची. काही लिहायची नाही, अंगठा नाही, बदाम नाही. बघायची आणि जायची. काकांना तेवढं पुरत होतं. त्या डोळ्याच्या जिवावर हातात कधी खडू न धरलेला माणूस काय काय करायला लागला, बघून मी चाट पडायची. कपड्याची नीळ, गेरू, हळद, चुना, एवढे रंग. दातवणासारखी चावून मऊ केलेली लिंबाची काडी हा ब्रश. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, ती पुसत न बसता तिलाच शिंगं काढली आणि पाण्यात बसलेली म्हैस केली. भिंतीला चीर होती, ती बगळ्याची मान झाली. दुपारी पेरूच्या फांदीची सावली भिंतीवर पडायची, काका कोळसा घेऊन टपून बसायचे आणि सावली सरकायच्या आत तिच्या कडेनं रेघ मारायचे. सावली गेल्यावरही फांदी राहायची. खाली लिहायचे, 'पेरू धरलेत म्हनावं.'

दवाखान्यात मोबाईलमध्ये मुंडी घालून बसलेल्या लोकांना मी कायम फैलावर घेते. 'यानं माणसं बाद झाली' हे माझं ठरलेलं वाक्य. पण काकांकडं बघून मी ते वाक्य जरा कमी केलं. कुणीतरी बघणार आहे एवढं कळलं, तर माणसाच्या आतलं कुठलं काय वर येईल सांगता येत नाही. मी एकदा म्हटलं, "एवढं छान काढता आणि रोज पुसता, जीव कसा होतो?"

"उद्या पुसायचं हाय म्हनून तर आज हात भ्येत न्हाई. फोनातलं बी दुसऱ्या दिवशी जातंच की."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. जन्म रेल्वेत काढलेला माणूस, घरापुढून दिवसभर गाड्या, पण भिंतीवर रेल्वे कधी आली नाही. मी विचारलं.

"गाडी काढली की फाटक काढावं लागतं," काका म्हणाले आणि नीळ कालवायला लागले.

मग दिलीप मध्ये आला. दिलीप वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. स्टेशन रोडला त्याचं मोबाईलचं दुकान, चाळिशीचा गडी, गावातल्या प्रत्येक ग्रुपचा ॲडमिन. बारशापासून दहाव्यापर्यंत सगळ्याचे रील करायची हौस. काकांचे स्टेटस तो पहिल्यापासून बघायचा. एक दिवस येऊन त्यानं काका चित्र काढताना शूटिंग केलं. काकांना वाटलं फोन दुरुस्तीचं काहीतरी बघतोय. दिलीपनं त्याला रडकं गाणं लावलं आणि वर लिहिलं, 'रुसलेल्या बायकोसाठी रोज भिंत रंगवणारे गेटमन काका.'

ते रील असं पळालं की विचारू नका. माझ्या नवऱ्यानं पुण्याहून मलाच पाठवलं, "हे तुझे मालक ना?" म्हणून. आमच्या दवाखान्यातल्या आयाबाया मला अडवून विचारायच्या, काकू का रुसली हो. सुट्टीच्या दिवशी अंगणात पोरीबाळी भिंतीपुढं उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. कुणी हार घालून गेलं, कुणी काकूंना आवाज दिल्यासारखं "या आता घरी" असं म्हणत व्हिडिओ करून गेलं. काका कडेला घागर धरून उभे असायचे. मी जिन्यावरून दोन-चार जणांना चांगलं झापलं, तर माझाही व्हिडिओ निघाला.

त्या दिवसापासून डोळ्याखालून सुमनच्या आईचं नाव गेलं.

दिलीप पेढे घेऊन आला होता. "काका, लय चाललंय बघा. आख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं."

"तिनं न्हाई बघितलं," काका म्हणाले.

"बघंल की. दम धरा. आवो, लोक रडायलेत व्हिडिओ बघून."

काकांनी पेढा घेतला नाही. दिलीपचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं, हे त्याला खरोखर कळलं नव्हतं आणि त्याला समजावून सांगायचं काकांना जमणार नव्हतं. शेवटी मीच फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, "दिलीपभाऊ, अबोल्यात कुणासाठी बोलतोय ते सांगायचं नसतं. तुम्ही नाव फोडलंत." तो कपाळावर हात मारून तिथंच उभा राहिला. रील त्यानं काढून टाकलं, पण ते तोवर कुणाकुणाच्या फोनात शिरून बसलं होतं.

मुलीचा फोन आला तेव्हा मी अंगणातच होते. काका तिचं प्रत्येक वाक्य माघारी म्हणत होते, म्हणून मला तिकडचं सगळं कळलं. "फाट्यावर हॉटेलात लोक दाखवायलेत. बरं. पानी भरायला गेली तर बाया हासायल्यात. बरं. आई म्हनती घरातलं चव्हाट्यावर मांडलं." इथं मात्र ते थांबले. मग हळूच म्हणाले, "चव्हाट्यावर मांडलं. बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खी भिंत चुन्यानं पांढरी केली. म्हैस गेली, बगळा गेला, पेरूची फांदी गेली. फोटो काढायला येणारे पांढरी भिंत बघून माघारी फिरले, हळूहळू यायचे बंद झाले. काकांनी स्टेटस टाकणं सोडलं. भिंतीशी बोलणंही सोडलं, आणि हे मला जास्त लागलं. सकाळी नळ यायचा आणि कुणीच कुणाला सांगायचं नाही. गाडी आली की ताटावरून उठायचे, उभे राहायचे, येऊन गार झालेलं खायचे. मीच वरून ओरडायची, "काका, नळ आलाय म्हणावं," पण माझ्या ओरडण्याला काय अर्थ होता.

असेच बरेच दिवस गेले. मग एक दिवस ते जिन्याखाली येऊन म्हणाले, "सिस्टर, जरा आत या."

मी त्या घरात इतके दिवस राहिले, पण त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच गेले. चुलीपाशी काकूंची बसायची जागा तशीच होती, पाट भिंतीला उभा केलेला. भिंत तीच, पण आतली बाजू, काकूंची. तिच्यावर काकांनी फाटक काढलं होतं. उघडं फाटक. तांबडा-पांढरा दांडा वर उभा, सरळ आभाळाकडं गेलेला. खालून रस्ता आरपार, मोकळा. जीप नाही, गाडी नाही, झेंडी घेतलेला माणूस नाही. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं.

डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं, आणि चूल तर पेटलेली नव्हती.

"हे तिलाच दिसावं," काका म्हणाले. "दिलीपला न्हाई, कुनालाच न्हाई. असं व्हतं का फोनात?"

"होतं की." मी तसं करून दिलं, एकाच नावापुढं खूण. "आता हे मलाही दिसणार नाही बरं का."

"तुमी आत्ता बघितलं की."

आधी रोज नवं काढणारा माणूस आता रोज तोच फोटो टाकायला लागला. एक दिवस झाला की तो जायचा, हे पुन्हा टाकायचे. मी ड्युटीवरून आले की फोन माझ्यापुढं धरायचे. डोळ्याखाली कुणी नाही. माझा मात्र धीर सुटत गेला. एकदा मी बोललेच, "बाईमाणसानं तरी किती ताणावं?"

"तिचा येकच भाऊ व्हता, सिस्टर," काका म्हणाले.

आणि एका संध्याकाळी काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. फोन दाखवला नाही. "बघितलं," म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"बघितलं म्हनलो की."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी जिन्यात बसून गहू निवडत होते. दुपार व्हायला आली होती. काका अंगणात आले आणि फोन लांब धरून, जवळ धरून बघायला लागले. मग माझ्याकडं आले. सुमनच्या आईनं स्टेटस टाकलं होतं. जन्मात पहिल्यांदा. फोटो अंधारा आणि वाकडा, अर्ध्या फोटोत तिचाही अंगठा. गॅसजवळच्या ओट्यावर एक ताट, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. कडेनं भाकरीचा काठ बाहेर आलेला.

काका ते मोठ्यानं म्हणाले, स्टेशनचा निरोप म्हणावा तसं. "भाकर झाकून ठिवलीय म्हनावं."

मी गव्हाचं ताट बाजूला सारून उभी राहिले. "काका, कपडे घाला. परभणीला जा, तिथून सेलूकडची बस धरा, संध्याकाळपर्यंत देवगाव फाट्याला पोचता. मी फाटकापर्यंत येते."

"बोलावलं न्हाई तिनं," काका म्हणाले. "जेवा म्हनली."

ते आत गेले. पिठलं केलेलं होतं, भाकरी होती. ताट वाढून घेऊन ओसरीत बसले. फोन समोर भिंतीला टेकवून ठेवला, त्यातला तो पालथ्या ताटाचा फोटो उघडा. फोन विझला की बोटानं उजळायचे. पहिला घास मोडला आणि चुडाव्याच्या बाजूनं भोंगा झाला.

त्यांचा हात थांबला. घास ताटात ठेवला. एक तळवा जमिनीला टेकला, गुडघा वर झाला. मी जिन्यातून बघत होते आणि एक शब्द बोलले नाही, माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं. गाडी जवळ आली, मालगाडी होती. भांडी नेहमीसारखी खुळखुळायला लागली. काकांनी फोनकडं बघितलं. मग तळवा जमिनीवरून उचलला, धोतराला पुसला आणि घास तोंडात घातला.

गाडी लांबलचक होती. शेवटचा डबा गेला तेव्हा काकांच्या ताटातलं पिठलं संपत आलं होतं.